शिकवण्याची पारख : अध्यापनकेंद्री व्याख्याता कसा निवडला जातो

विषयाचा गाढा अभ्यास असलेल्या प्राध्यापकाच्या तासाला वर्ग पेंगतो आणि नावावर जेमतेम दोन-तीन शोधनिबंध असलेल्या शिक्षकाच्या तासाला दुसऱ्या तुकडीची मुलेही येऊन बसतात, हा अनुभव महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेकांच्या गाठीशी असतो. मात्र त्यामागे निवडीचा एक अवघड प्रश्न दडलेला असतो, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विद्वत्तेचा पुरावा कागदावर उतरतो, कारण पदव्या, शोधनिबंध, ग्रंथ आणि मिळवलेला निधी मोजता येतो; शिकवणे मात्र वर्गात घडते आणि तास संपला की त्याचा मागमूसही बहुधा उरत नाही. मग ज्या पदाचे मुख्य काम शिकवणे हेच आहे, त्या पदासाठी योग्य माणूस तासा-दोन तासांच्या निवड प्रक्रियेत ओळखायचा कसा?

चांगला संशोधक आपोआपच चांगला शिक्षक ठरतो, असे गृहीत धरले तर हा प्रश्न उरणारच नाही. परंतु त्या गृहीताला पुराव्याचा आधार नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी १९९६ मध्ये या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संशोधनातील कर्तबगारी आणि अध्यापनाचा दर्जा यांच्यातील सहसंबंध, म्हणजे एक वाढले की दुसरेही वाढण्याची प्रवृत्ती, ०.०६ इतकाच आढळला. शून्य म्हणजे काहीही संबंध नाही आणि एक म्हणजे संपूर्ण संबंध, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो : संशोधनावरून अध्यापनाचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे, आणि अध्यापनाची पारख स्वतंत्रपणेच करावी लागते. ब्रिटनमधील विद्यापीठांनी गेल्या दोन-तीन दशकांत अशा पदांसाठी निवडीची एक पद्धत बसवत आणली आहे. तिचे टप्पे आणि त्या टप्प्यांच्या उणिवा समजून घेतल्या की हे कोडे बरेचसे उलगडते.

## हे पद आले कुठून

ब्रिटनमधील पारंपरिक व्याख्यात्याने शिकवणे आणि संशोधन करणे ही दोन्ही कामे करावीत अशी अपेक्षा असते. १९८६ पासून तेथे विद्यापीठांच्या संशोधनाचे ठरावीक काळाने राष्ट्रीय पातळीवर मूल्यमापन होऊ लागले. २०१४ आणि २०२१ मधील मूल्यमापने 'रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क' या नावाने झाली. या मूल्यमापनावर दरवर्षी सुमारे दोन अब्ज पौंडांच्या सरकारी निधीचे वाटप अवलंबून असल्यामुळे विद्यापीठे संशोधनात भक्कम असलेल्या शिक्षकांचा शोध घेऊ लागली आणि शिकवण्याचा वाढता भार कोणी उचलायचा, हा प्रश्न बाजूला साचत गेला. २०२१ च्या मूल्यमापनात तर ज्यांच्यावर संशोधनाची लक्षणीय जबाबदारी आहे, अशा सर्वच शिक्षकांचा समावेश करणे बंधनकारक झाले, त्यामुळे कोणाच्या करारात 'संशोधन' हा शब्द ठेवायचा आणि कोणाच्या नाही, याला आर्थिक अर्थ आला.

दुसरीकडून रेटा आला तो शुल्काचा. १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपासून सुरू झालेले पदवीचे शुल्क इंग्लंडमध्ये २००६ मध्ये ३,००० पौंडांपर्यंत आणि २०१२ मध्ये ९,००० पौंडांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली, तेव्हा एवढे पैसे मोजणारा विद्यार्थी आणि त्याचे पालक शिकवण्याच्या दर्जाविषयी जाब विचारू लागले. २०१७ मध्ये अध्यापनाच्या मूल्यमापनाची 'टीचिंग एक्सलन्स फ्रेमवर्क' ही योजना आली आणि विद्यापीठांना सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा श्रेणी मिळू लागल्या.

या दोन रेट्यांतून केवळ किंवा मुख्यत्वे अध्यापनासाठी नेमलेल्या शिक्षकांचा वर्ग वाढत गेला. अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमधील एकूण शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षक केवळ अध्यापनाच्या करारावर आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अर्धवेळ आहेत. याचा अर्थ असा की या पदाला दोन चेहरे आहेत : एक, अध्यापन हे स्वतंत्र कौशल्य मानून निर्माण केलेल्या कायम पदाचा, आणि दुसरा, तासांची सोय लावण्यासाठी केलेल्या तात्पुरत्या नेमणुकीचा. जाहिरातीत दोन्हींचे नाव पुष्कळदा सारखेच असते, पण निवडीची रीत मात्र यांपैकी कोणत्या हेतूने पद निर्माण झाले आहे त्यावर ठरते.

## जाहिरातीआधीचे काम

निवडीतील बऱ्याच चुका मुलाखतीच्या दिवशी नव्हे, तर जाहिरात लिहिताना होतात. विभागाला नेमके कोणते काम करणारा माणूस हवा आहे, हे आधी ठरले नाही तर निवड समितीतील प्रत्येक सदस्य आपापल्या मनातील आदर्श शिक्षक शोधत बसतो आणि अखेरीस ज्याची संशोधनसूची लांब त्याच्यावर सर्वांचे एकमत होते, कारण तेवढीच एक गोष्ट सर्वांना सारखी दिसते. म्हणून प्रथम कामाचे वर्णन तयार करावे लागते : प्रथम वर्षाच्या दोनशे-तीनशे विद्यार्थ्यांचा वर्ग सांभाळायचा आहे की पदव्युत्तर वर्गाची लहान चर्चासत्रे घ्यायची आहेत, प्रयोगशाळा चालवायची आहे की अभ्यासक्रमाची नव्याने बांधणी करायची आहे, अर्धवेळ सहायकांचा गट हाताळायचा आहे की दूरशिक्षणाचे साहित्य तयार करायचे आहे.

या वर्णनावरून उमेदवाराकडून असलेल्या अपेक्षांचा तक्ता तयार होतो. त्यात अपेक्षा 'अत्यावश्यक' आणि 'इष्ट' अशा दोन गटांत विभागलेल्या असतात, आणि प्रत्येक अपेक्षेसमोर ती कशावरून तपासली जाईल, म्हणजे अर्जावरून, नमुना पाठावरून की मुलाखतीवरून, हेही पुष्कळ ब्रिटिश विद्यापीठे नोंदवतात. ही नोंद कारकुनी वाटली तरी तिच्यात मोठी शिस्त आहे, कारण जी अपेक्षा कशानेच तपासता येत नाही ती लिहिताक्षणीच उघडी पडते. 'अध्यापनाची तळमळ' असे लिहिले तर तिच्यासमोर काय लिहायचे हेच समितीला सुचत नाही. त्याऐवजी 'नापासांचे प्रमाण जास्त असलेल्या विषयाच्या अध्यापनात बदल करून त्याचा परिणाम तपासल्याचा अनुभव' असे लिहिले, तर अर्जात त्याचा पुरावा मागता येतो आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारता येतात.

डॉक्टरेटचा प्रश्नही येथेच सोडवावा लागतो. अशा पदांच्या जाहिरातींत पीएच.डी. किंवा तितक्याच तोलाचा व्यावसायिक अनुभव, असा पर्याय पुष्कळदा दिलेला असतो, कारण परिचर्या, वास्तुकला, लेखापालन किंवा पत्रकारिता यांसारख्या विषयांत वीस वर्षे प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती विद्यार्थ्यांना जे देऊ शकते ते प्रबंधातून येत नाही.

## अर्जातील पुरावा आणि त्याच्या मर्यादा

अर्जासोबत उमेदवाराकडून सहसा एक अध्यापनविषयक निवेदन मागवले जाते. आपण काय शिकवतो, तसे का शिकवतो आणि त्याचा परिणाम काय झाला, हे त्यात एक-दोन पानांत मांडायचे असते. कमकुवत निवेदन विशेषणांनी भरलेले असते. भक्कम निवेदनात एखादी अडचण, तिच्यावर केलेला उपाय आणि त्यानंतर हाती आलेले निकाल, हे तिन्ही दिसतात, शिवाय उपाय फसला असेल तर तोही प्रांजळपणे नोंदलेला असतो. याच्या जोडीला ब्रिटनमध्ये व्यावसायिक मान्यतेचा एक दाखला विचारला जातो : उच्च शिक्षणातील अध्यापनासाठी २००६ पासून तेथे एक राष्ट्रीय मानक आहे, २०११ आणि २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाल्या, आणि 'अ‍ॅडव्हान्स एचई' ही संस्था त्या मानकानुसार चार पायऱ्यांची अधिछात्रवृत्ती देते. अधिछात्रवृत्ती हा शब्द येथे आर्थिक साहाय्यासाठी नसून अध्यापक म्हणून मिळालेल्या मान्यतेसाठी वापरला जातो.

उमेदवार बहुधा विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचे आकडेही जोडतात, आणि समितीची सर्वाधिक दिशाभूल येथेच होण्याची शक्यता असते. विद्यार्थी खूश आहेत म्हणजे ते शिकले, असे मानण्याकडे सर्वांचाच कल असतो. परंतु बॉब अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांच्यात भरवशाचा संबंध आढळला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ऑनलाइन वर्गाच्या शिक्षकांची नावे अदलाबदल करून विद्यार्थ्यांना सांगण्यात आली, तेव्हा शिकवणारी व्यक्ती तीच असूनही ती पुरुष आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिला अधिक गुण दिले. म्हणून जाणती समिती आकड्यांची सरासरी पाहण्याऐवजी, त्या अभिप्रायांतून उमेदवाराने कोणता निष्कर्ष काढला आणि पुढच्या वर्षी काय बदलले, हे पाहते.

## वीस मिनिटांचा नमुना पाठ

अर्जांच्या छाननीतून निवडलेल्या मोजक्या उमेदवारांना एखादा घटक आधी कळवून त्यावर पंधरा-वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगितले जाते. कामाचा नमुना प्रत्यक्ष पाहण्याची ही संधी असते, पण तीही निर्धोक नाही. अमेरिकेत डोनाल्ड नॅफ्टुलिन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एका नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' असे नाव देऊन तज्ज्ञांसमोर व्याख्यानाला उभे केले गेले. व्याख्यानात परस्परविरोधी विधाने आणि अर्थहीन वाक्ये होती, तरीही वक्त्याच्या ऐटदार सादरीकरणामुळे श्रोत्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिले. याची दुसरी बाजू २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांत दिसली : ज्या विद्यार्थ्यांनी वर्गात स्वतः प्रश्न सोडवले ते चाचणीत अधिक शिकलेले आढळले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते, कारण ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो आणि स्वतः धडपडताना आपले अज्ञान जाणवत राहते. नमुना पाठ पाहणाऱ्या समितीलाही नेमकी हीच भुरळ पडू शकते.

या भुरळीवर उपाय म्हणजे सादरीकरणापेक्षा शिकण्याकडे पाहणे. समजा, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'प्रमाण विचलन' हा घटक शिकवायचा आहे. गुण सरासरीपासून किती पसरलेले आहेत, हे सांगणारे ते माप होय. पहिला उमेदवार सूत्र पडद्यावर दाखवतो, त्यातील प्रत्येक चिन्ह स्पष्ट करतो आणि एक उदाहरण नीटनेटके सोडवतो. दुसरा उमेदवार सूत्राआधी दोन वर्गांचे गुण देतो : दोन्हींची सरासरी ५०, पण एका वर्गात सगळे ४५ ते ५५ च्या दरम्यान आणि दुसऱ्यात कोणी १० वर तर कोणी ९० वर. एक विद्यार्थी म्हणतो, "दुसऱ्या वर्गाचे विचलन जास्त असणार, कारण तिथे मुले जास्त आहेत." पहिल्या उमेदवारापुढे असे उत्तर आले तर तो "नाही, तसे नसते" असे म्हणून पुन्हा सूत्राकडे वळण्याचा संभव असतो. दुसरा उमेदवार विचारतो, "पहिल्या वर्गात आणखी दहा मुले आली आणि त्या सगळ्यांना ५० च गुण मिळाले, तर विचलन वाढेल की कमी होईल?" मुले वाढली तरी पसारा आटोपतो, हे वर्गाच्या आपसूक लक्षात येते, आणि चूक करणारा विद्यार्थी खजील न होता आपली समजूत स्वतःच दुरुस्त करतो.

या एका मिनिटात समितीला बरेच काही दिसते : उमेदवाराला विषय किती खोलवर कळला आहे, नवशिक्या विद्यार्थ्याची चूक कोणत्या गैरसमजातून येते हे त्याला ठाऊक आहे का, आणि अनपेक्षित उत्तर आल्यावर तो आपला आराखडा बाजूला ठेवू शकतो का. म्हणूनच नमुना पाठाला श्रोते म्हणून प्राध्यापकांऐवजी खरे विद्यार्थी बसवणे उपयुक्त ठरते. प्राध्यापक 'विद्यार्थी' बनून बसले की एक तर गप्प राहतात किंवा मुद्दाम कोंडीत पकडणारे प्रश्न विचारतात. पाठानंतर "याच घटकाला पुढच्या वर्षी निम्मा वेळ मिळाला तर काय गाळाल?" असा एक प्रश्न विचारला, तर तयार करून आणलेल्या पाठामागचा विचारही बाहेर येतो.

## मुलाखत : सर्वांना तेच प्रश्न

मुलाखतीत गप्पा रंगल्या की समितीला उमेदवार आवडतो, आणि गप्पा रंगतात त्या बहुधा आपल्यासारखेच शिक्षण, भाषा आणि आवडीनिवडी असलेल्या माणसाशी. हे टाळण्यासाठी संरचित मुलाखतीचा अवलंब केला जातो; म्हणजे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, प्रत्येक उत्तराला आधी ठरवलेल्या निकषांवर गुण द्यायचे, आणि चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने आपले गुण स्वतंत्रपणे नोंदवायचे. कर्मचारी निवडीच्या साधनांवरील संशोधनाची पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरमांडणी केली, तेव्हा पुढील कामगिरीचा अंदाज देण्यात संरचित मुलाखतच सर्वांत वरच्या स्थानी आली. चर्चेआधी गुण नोंदवण्याचा आग्रह यासाठी की, विभागप्रमुखाने एकदा पसंती बोलून दाखवली की इतरांची मते तिच्याभोवती फिरू लागतात.

प्रश्नांचा रोखही महत्त्वाचा असतो. "तुमचे अध्यापनाचे तत्त्वज्ञान काय?" या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर मिळते, तर "तुमच्या एखाद्या परीक्षेत बहुसंख्य विद्यार्थी एकाच प्रश्नावर अडले, तेव्हा तुम्ही काय केले?" या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी खरोखर तसे काही केलेले असावे लागते.

धान्य निवडताना सुपाने फोलपट उडते पण खडा तसाच राहतो, चाळणीतून माती पडते पण खड्याएवढा दाणा नि दाण्याएवढा खडा दोन्ही वरच उरतात, आणि तो खडा शेवटी हातानेच वेचावा लागतो. त्याचप्रमाणे अर्ज, नमुना पाठ आणि मुलाखत यांपैकी एकही साधन पुरेसे नाही, पण एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसते. एखाद्या साधनावर सारा भार टाकला, की त्या साधनाचा दोष हाच निवडीचा दोष बनतो.

## नेमणुकीनंतरची कसोटी

वीस मिनिटांत दिसले ते वर्षभर टिकेल का, याचे उत्तर परिविक्षेच्या काळात मिळते. या काळात नवा व्याख्याता सहसा उच्च शिक्षणातील अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि अनुभवी सहकारी त्याच्या तासांना बसून टिपणे देतात.

चांगले उमेदवार येतात की नाही, हे मात्र पुढच्या वाटेवर ठरते. बढती संशोधनावरच मिळणार असेल, तर अध्यापनकेंद्री पद ही अडगळीची खोली ठरते आणि ज्याला दुसरीकडे जाता येते तो जातो. टोरांटो विद्यापीठाने २०१५ मध्ये अध्यापन शाखेतील शिक्षकांनाही सहायक प्राध्यापक ते प्राध्यापक अशा पदनामांची शिडी दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठात मुख्यतः अध्यापनासाठी नेमलेल्या व्याख्यात्याला नोकरीची शाश्वती मिळण्याची व्यवस्था आहे. रूथ ग्रॅहम यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात अध्यापनातील प्रगतीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : आपल्या वर्गात परिणामकारक शिकवणारा, मग सहकाऱ्यांना घडवणारा, त्यानंतर संस्थेच्या अध्यापनाला दिशा देणारा किंवा अध्यापनाविषयीच्या ज्ञानात भर घालणारा, आणि शेवटी राष्ट्रीय व जागतिक पातळीवर प्रभाव पाडणारा. वर चढत जाताना परिणामाची कक्षा रुंदावते, आणि तिच्यासोबत पुराव्याची अपेक्षाही.

थोडक्यात

- कामाचे वर्णन आधी, जाहिरात नंतर. प्रत्येक अपेक्षेसमोर ती तपासण्याचे साधन लिहावे.
- निवेदनात विशेषणे नव्हे, तर अडचण, उपाय आणि परिणाम शोधावेत.
- विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची सरासरी हा शिकण्याचा पुरावा नाही.
- नमुना पाठात वक्तृत्वापेक्षा विद्यार्थ्याच्या चुकीला दिलेला प्रतिसाद पाहावा, आणि श्रोते खरे विद्यार्थी असावेत.
- मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न. गुण आधी, चर्चा नंतर.
- बढतीची वाट नसलेले पद चांगल्या शिक्षकाला टिकवू शकत नाही.

## महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी अर्थ

भारतात 'अध्यापनकेंद्री व्याख्याता' असे वेगळे पदनाम नाही. तथापि संलग्न महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते, आणि तो मुख्यतः पदवीच्या वर्गांना शिकवत असल्याने प्रत्यक्षात त्याचे पद अध्यापनकेंद्रीच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयांतील उमेदवारांची प्राथमिक छाननी करण्यासाठी १०० गुणांचा तक्ता आहे. त्यात पदवी आणि पदव्युत्तर परीक्षांचे गुण, पीएच.डी.ला २५, नेट-सेटसारख्या परीक्षांना त्यांच्या प्रकारानुसार ५ ते १०, शोधनिबंधांना ६ आणि अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण आहेत. म्हणजे उमेदवाराने किती वर्षे शिकवले, याची नोंद होते. कसे शिकवले, याला तक्त्यात रकानाच नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे उत्तम शिकवणारा आणि तेवढीच वर्षे टिपणे वाचून दाखवणारा, असे दोन उमेदवार या रकान्यात सारखेच ठरतात.

हे गुण केवळ छाननीसाठी असून अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर व्हावी, असे त्याच विनियमांत म्हटले आहे. याचा अर्थ अध्यापनाची पारख करण्याची सारी जबाबदारी मुलाखतीच्या टप्प्यावर येऊन पडते, आणि तो टप्पा दहा-पंधरा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत आटोपला तर ती पारख होतच नाही. वर्गातील परिस्थितीत व्याख्यान घ्यायला लावून अध्यापनक्षमता तपासण्याची कल्पना आयोगाच्या नियमांना अपरिचित नाही. २०१० च्या विनियमांत तशी मुभा दिलेली होती. त्यामुळे नमुना पाठ, खरे विद्यार्थी, ठरावीक प्रश्न आणि चर्चेआधी नोंदवलेले गुण या चार गोष्टींसाठी एखाद्या महाविद्यालयाला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही किंवा मोठा खर्चही करावा लागत नाही. लागतो तो प्रत्येक उमेदवारामागे आणखी अर्धा-पाऊण तास. एका नेमणुकीतून पुढची तीस वर्षे किती विद्यार्थी शिकणार आहेत, याचा हिशेब केला तर निवड समितीने दिलेला हा वेळ फारच थोडा आहे.